सत्तावन्न नावं

मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी मी वऱ्हाडातल्या साठ म्हाताऱ्या माणसांना एकाच वेळी कळवून टाकलं, की तुम्ही नाहीच.

शब्द अर्थात सभ्य होते. "आपली नोंद आढळली नाही." हे वाक्य मी प्रोग्रॅम तपासायला लिहिलं होतं आणि ते फक्त माझ्या मोबाईलवर यायला हवं होतं. पण नंबर बदलायचा राहिला, मी बटण दाबलं, आणि अमरावती, अकोला, चांदूर रेल्वे, बार्शीटाकळी अशा चार गावांतले साठ मोबाईल एकदम वाजले.

पाच मिनिटांत उलट फोन सुरू झाले. बार्शीटाकळीचे एक निवृत्त तलाठी म्हणाले, "अवो, जिंदगीभर लोकायच्या नोंदी म्या केल्या, अन् आता मीच आढळून नाही राहिलो म्हंता?" चांदूर रेल्वेच्या एका आजींनी घाबरून विचारलं, "बापू, आधार कार्ड आनू का मंग? झेरॉक्स पोराजवळ हाये, अन् पोरगं पुन्याले." त्यांना समजावता समजावता माझा चहा गार झाला. बायको गच्चीवर कुरडया घालत होती, ती वरूनच ओरडली, "कोनाचे फोन येऊन राहिले एवढे?" मी म्हटलं, "काही नाही, चौकशीचे."

शेवटचा फोन सरांचा आला.

"काय बे बह्याडा, मी आढळलो नाही मने तुले? अकोल्यातच त आहो. कूलरसमोर."

"सॉरी सर. टेस्टिंग करत होतो."

"ते सॉरी राहू दे. ताळा केला होता का?"

सरांनी आठवी ते दहावी मला अकोल्यात गणित शिकवलं. उत्तर बरोबर आलं तरी ते पुढं जाऊ देत नसत. ताळा करून दाखव म्हणत. आलेलं उत्तर उलट फिरवून मूळ संख्येशी जुळतं का ते बघायचं. मी ताळ्याचा कंटाळा करायचो आणि शेवटच्या ओळीत "ताळा बरोबर" एवढंच लिहून टाकायचो. सर वही माझ्या डोक्यावर मारत. जोरात नाही, पण चाळीस पोरांसमोर.

आता सर ऐंशीला टेकले होते. त्यांच्या पत्नी चार वर्षांपूर्वी गेल्या, मुलगा बंगळुरूला. घर जुनंच, शाळेच्या मागचं. आमच्या यादीत ते चौतिसावे.

ही यादी म्हणजे बायकोचं काम. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. तिची आई चांदूर रेल्वेला एकटी राहायची आणि बायको रोज सकाळी शाळेत जाण्याआधी तिला फोन करायची. फार काही बोलणं नसे. उठली का, चहा झाला का, गुडघा कसा आहे. एक दिवस आईच म्हणाली, "शेजारच्या काकूलेही लावत जा वं एखांदा फोन, तिले कोनाचाच येत नाही." मग शेजारच्या काकू झाल्या, काकूंची बहीण झाली, बहिणीच्या गल्लीतले एक आजोबा झाले. बायकोच्या पाच मैत्रिणी सामील झाल्या, त्यातल्या एक अकोल्याच्या, स्कूटीवर फिरणाऱ्या. सासूबाई पुढं वारल्या. यादी मात्र वाढतच गेली आणि साठावर येऊन थांबली, कारण सहा बायकांना त्याहून जास्त झेपत नव्हतं.

मी अमरावतीच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो. घरातल्या कामात माझा उपयोग काय, हा प्रश्न आमच्याकडे अधूनमधून निघतो. त्याला उत्तर म्हणून मी सात-आठ वर्षांपूर्वी यादीसाठी एक प्रोग्रॅम लिहून दिला होता. तो रोज सकाळी सातला बघायचा, की कोणाशी बोलून सगळ्यात जास्त दिवस झाले. ज्याची तारीख जुनी, तो वर. वरची तीस नावं काढायची, आणि पत्ते वाटावेत तशी एकेक करून सहा बायकांच्या मोबाईलवर वाटायची. प्रत्येकीला पाच. म्हणजे दिवसाआड प्रत्येक म्हाताऱ्याला एक फोन. संध्याकाळी सगळ्या जणी बायकोला सांगायच्या, आणि ती ज्याच्याशी बोलणं झालं त्याच्यापुढं त्या दिवसाची तारीख टाकायची.

एवढंच. पण लोक कौतुक करायचे आणि मी "अहो त्यात काय" म्हणायचो, ते अशा आवाजात की त्यात फार काही आहे हे ऐकणाऱ्याला कळावं. या सात-आठ वर्षांत यादीतल्या एकाही माणसाला मी स्वतः फोन केला नव्हता. सरांनासुद्धा नाही. सर सांभाळले जात आहेत, आणि ते माझ्या प्रोग्रॅममुळे, असा माझा समज होता.

तर त्या एप्रिलच्या उन्हात आमचा जुना कॉम्प्युटर गेला. पंखा बंद पडला, आतलं काहीतरी जळालं. नवीन आणला. माझा प्रोग्रॅम पायथन या भाषेत लिहिलेला, तिच्या दुसऱ्या आवृत्तीत. नव्या कॉम्प्युटरवर तिसरी आवृत्ती. दुसरी कधीचीच बंद झाली होती. वर्गात मुलांना हे मी दरवर्षी सांगतो. घरी मात्र मीच ती चालवत बसलो होतो, चालतंय तोवर चालू द्यावं म्हणून.

प्रोग्रॅम नव्या आवृत्तीवर टाकला आणि तो पावलापावलावर अडायला लागला. आधी कंसांवरून अडला. पूर्वी कंस नसले तरी चालायचं, आता हवेच. मग मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसायला लागली. ते निस्तरलं. मग भागाकार. तीस भागिले सहा, याचं उत्तर जुनी आवृत्ती पाच देई. नवी पाच पूर्णांक शून्य दशांश देऊ लागली, आणि वर विचारू लागली की पाच पूर्णांक शून्य दशांश नावं वाटायची कशी. मला हसू आलं. घरात आलेली नवी सून जशी आल्या आल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी चिकटवते, तशी ही आवृत्ती. काहीच गृहीत धरत नाही.

त्या रविवारी शेवटची एक अडचण राहिली होती. नावं तारखेनं लावायला गेलं की प्रोग्रॅम थांबे आणि म्हणे, संख्या आणि काहीच नाही यांची तुलना करता येत नाही. तारखा मी आठ आकडी संख्या म्हणून साठवल्या होत्या. बघितलं तर तीन नावांपुढं तारीखच नव्हती. रकाना रिकामा. मला वाटलं, नोंदी अर्धवट भरल्या गेल्या आहेत. बायकांचं काम, घाईत राहिलं असेल.

मी एक ओळ लिहिली. तारीख रिकामी असेल तर ते नाव सोडून पुढं जा.

प्रोग्रॅम चालला. खाली आकडा आला, एकूण नावं सत्तावन्न.

साठ घातली आणि सत्तावन्न निघाली, हे मला दिसलं होतं. दिसलं नाही असं म्हणून सुटता आलं असतं, पण दिसलं होतं. बायको गच्चीवर होती. मधे अठरा पायऱ्या, बाहेर भर दुपारचं ऊन, आणि पायात चप्पल घालायची. म्हटलं, संध्याकाळी विचारू. संध्याकाळी ती खाली आली, मी सांगितलं की प्रोग्रॅम नव्या आवृत्तीवर आणला, एकदम ओके. ती म्हणाली, "हुशार आहात बाप्पा तुमी," आणि आमरस केला. दोन वाट्या आमरस झाल्यावर मला सत्तावन्नाचं काही आठवलं नाही.

पुढच्या शनिवारी दुपारी अकोल्याच्या ताईंचा फोन आला. बायकोनं उचलला. ती ऐकत होती आणि उभ्याउभ्या भिंतीला हात लावत होती.

सर घरात पडलेले सापडले होते.

अकोल्यात नळ रोज येत नाही. ज्या दिवशी येतो त्या दिवशी सगळी गल्ली पाइप आणि ड्रम घेऊन बाहेर असते. शनिवारी सकाळी नळ आला. सरांच्या अंगणातला नळ उघडाच होता, त्याला पाइप लावायला कोणी आलं नाही, आणि पाणी वाहत फाटकाबाहेर रस्त्यावर आलं. उन्हाळ्यात पाणी असं वाया गेलेलं अकोल्याच्या माणसाला पाहवत नाही. शेजारच्या बाई भांडायला म्हणून आत गेल्या. दार आतून बंद. हाका मारल्या, तर आतून बारीक आवाज आला.

बायकोनं फोन ठेवला. "बुधवारी," ती म्हणाली. "बुधवारी सर माझ्याकडे होते. फोन नाही उचलला त्यायनं. मी तारीख पुसली होती संध्याकाळी."

"पुसली म्हणजे?"

"पुसली म्हंजे पुसली. उचलला नाही त पुसतो ना आपण."

मला काही कळेना. मग ती हळूहळू, वर्गातल्या ढ मुलाला सांगावं तसं सांगू लागली, की गेली सात-आठ वर्षं त्या सगळ्या जणी असंच करतात. कोणी फोन उचलला नाही तर त्याची तारीख पुसून रकाना रिकामा ठेवायचा. रिकामा ठेवला की ते नाव दुसऱ्या दिवशी सगळ्यात वर येतं. हे पहिल्या वर्षीच त्यांच्या लक्षात आलं होतं. वर आलेल्या माणसाला सकाळी सातलाच फोन लागायचा. त्यानं तेव्हाही नाही उचलला, तर त्याच दिवशी कोणीतरी जाऊन दार वाजवायचं. अकोल्यात असेल तर स्कूटीवाल्या ताई जायच्या. उन्हाळ्यात कूलरच्या आवाजात म्हाताऱ्यांना रिंग ऐकू येत नाही, तेव्हा असे दोन-तीन रकाने अधूनमधून रिकामे असायचेच.

"तुमीच त केलं होतं ना तसं?" ती म्हणाली. "रिकामं वर याचं म्हणून?"

मी तसं केलं नव्हतं. ते आपोआप होत होतं. जुन्या आवृत्तीत 'काहीच नाही' हे कुठल्याही संख्येपेक्षा लहान धरत. लहान म्हणून वर. हा त्या भाषेचा एक विचित्र रिवाज होता, मी तो कधी वापरला नव्हता, मला तो धड आठवतही नव्हता. या सहा बायकांनी तो शोधून त्यावर साठ माणसांचा जीव टांगून ठेवला होता, आणि त्यांना वाटत होतं की ही माझी हुशारी.

बायकोनं पाचही जणींना फोन लावले. प्रश्न एकच. गुरुवारी सर तुझ्याकडे आले होते का? शुक्रवारी? आज? पाचही जणी नाही म्हणाल्या. नावं वाटली जायची, त्यामुळे प्रत्येकीला वाटलं होतं की सर दुसरीच्या वाट्याला गेले असतील. पाचवा फोन संपला तेव्हा तिनं माझ्याकडे बघितलं.

मी कॉम्प्युटरसमोर बसलो आणि ती ओळ तिला दाखवली. तिनं ती वाचली. इंग्रजीत होती, पण इतकी सोपी की कोणालाही कळावी.

"तुमाले हे तीन रिकामे दिसले होते?"

"हो."

"मंग मले विचाराचं त होतं. मी वरतीच होती."

त्या दिवशी ती एवढंच बोलली. मी ती ओळ काढली आणि रिकामे रकाने सगळ्यात वर येतील असं स्पष्ट लिहिलं. दोन मिनिटं लागली. त्या रविवारचे तिन्ही रिकामे सुखरूप होते, हेही त्याच संध्याकाळी कळलं. एक आजी मुलीकडे नागपूरला होत्या, एकांचा मोबाईल हरवला होता आणि एक जण नुसतेच रुसले होते. त्यांच्यावरचं संकट मला न कळता टळलं. त्या रविवारनंतर तारीख पुसली गेलेलं पहिलंच नाव सरांचं.

रविवारी बडनेऱ्याहून आम्ही गाडी धरली. मूर्तिजापूर गेलं तरी बायको खिडकीबाहेरच बघत होती.

दवाखान्यात सर पलंगावर मावत होते. हे मला फार विचित्र वाटलं, कारण माझ्या डोक्यातले सर फळ्याच्या वरच्या टोकापर्यंत हात पुरणारे. खुब्याचं हाड मोडलं होतं. त्याहून वाईट म्हणजे तीन दिवस उन्हाळ्यात नीट पाणी नाही, त्यानं मूत्रपिंडांवर ताण आला होता. मुलगा विमानानं निघाला होता, पोचायचा होता. अकोल्याच्या ताई बाहेर औषधांच्या रांगेत होत्या.

सर जागे होते. मला बघून म्हणाले, "आढळलो बे."

मी हसलो आणि मला रडू आलं, आणि दोन्ही लपवायला मी त्यांच्या उशाची चादर नीट करू लागलो. ती आधीच नीट होती.

मग त्यांनी सांगितलं. विचारलं नव्हतं आम्ही. बुधवारी पहाटे मोरीतून येताना बोळीत पाय घसरला. उठता येईना. हात पुरेल इतक्या अंतरावर मोरीतली बादली होती, अर्धी भरलेली, म्हणून ते तगले. हाका मारल्या, पण उन्हाळ्यात सगळ्या गल्लीत दारं लावलेली आणि कूलर सुरू. मोबाईल बाहेरच्या खोलीत होता.

"बुधवारी सकाळी वाजला," सर म्हणाले. "या बाईंचाच असंन. पूर्ण वाजला. म्हटलं, बरं झालं. आज उचलला नाही, म्हंजे उद्या सातले पुन्हा वाजन. उद्याही उचलला नाही की ताई येईन दार वाजवाले. मले नियम माहीत होता ना. म्हटलं, एक दिवस काढाचा आहे."

बायको पलंगाच्या पायाशी उभी होती. तिनं पलंगाची दांडी धरली.

"गुरुवारी सातले मी तयार होतो," सर म्हणाले. "ओरडाले. ताई आली की जोरात ओरडाचं म्हणून आवाज राखून ठेवला होता."

 वरचा पंखा आवाज करत होता.

सांगावं की नाही हा विचार मी गाडीत शंभर वेळा केला होता. न सांगता येण्यासारखं बरंच काही होतं. त्यांचं वय, त्यांची अवस्था, डॉक्टरांनी जास्त बोलू नका म्हटलेलं. पण सरांनीच विचारलं, त्याच आवाजात, खडू हातात असल्यासारखं, "कुठं चुकलं?"

मी सांगितलं. सुरुवातीपासून सांगितलं. जुनी आवृत्ती, नवी आवृत्ती, रिकामा रकाना, आणि माझी ती ओळ. ते डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं झोपले. मी थांबलो.

"जुनी म्हणे, काहीच नाही हे सगळ्यात लहान?"

"हो सर."

"हे कोणी ठरवलं?"

"भाषा बनवणाऱ्यांनीच."

"चूक ठरवलं. आणि नवी काय म्हणे?"

"नवी म्हणते तुलना होऊच शकत नाही. थांबते."

"मंग नवी बरोबर आहे," सर म्हणाले. "शून्य असतं तर गोष्ट वेगळी. शून्य ही संख्या आहे. काहीच नाही, ही संख्या नाही. ते लहान नाही, मोठंही नाही. तिथं थांबूनच विचारलं पाहिजे, की बाबा इथं काय आहे. ती तुले तेच विचारून राहिली होती." त्यांनी दम घेतला. "तू तिचं तोंड बंद केलं."

"हो सर."

"अन् साठ घातले, सत्तावन्न निघाले. हा ताळा चौथीतला पोट्टा करते."

"हो सर."

"बह्याड," ते म्हणाले. आणि हात हलवला, डोक्यावर वही मारावी तसा थोडासा, पण तो चादरीवरून फार उचलला गेला नाही.

सर त्यानंतर आठ दिवस होते. मधे एकदा बरे वाटले, मुलाकडे चहा मागितला, पेपर वाचून दाखव म्हणाले. मग मूत्रपिंडांनी काम थांबवलं. डॉक्टर म्हणाले, या वयात खुब्याचं हाड म्हणजे असंच असतं, पण उशीर झाला नसता तर बरं झालं असतं. डॉक्टरांना आमचं काही माहीत नव्हतं. ते आपलं सहज बोलले. मी मान डोलावली, जणू काही मलाही ती माहिती नवीन होती.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम सरांच्या अंगणात झाला. पांढरा मांडव, पांढऱ्या कपड्यांतली माणसं, त्रिसरण-पंचशील झालं, भंतेजी बोलले. सरांचे कितीतरी विद्यार्थी आले होते, माझ्याहून मोठे, टक्कल पडलेले, आणि सगळे कोणाला किती वह्या डोक्यावर पडल्या ते सांगत होते. मग मुलगा बोलायला उभा राहिला. त्यानं सगळ्यांचे आभार मानले आणि शेवटी म्हणाला, की अमरावतीच्या मॅडम आणि त्यांच्या मैत्रिणी दिवसाआड फोन करायच्या, म्हणून बाबा इथं एकटे राहू शकले. लोक आमच्याकडे वळून बघू लागले. एकानं माझ्या पाठीवर थाप मारली आणि शेजारच्याला सांगितलं, "तो प्रोग्रॅम यांचाच हाये."

बायकोनं मान खाली घातली. माझ्याकडं बघितलं नाही.

जेवणाची पंगत बसल्यावर मी मुलाला मांडवाच्या मागं, पाण्याच्या ड्रमजवळ गाठलं. त्याला सांगितलं. सरांना सांगितलं होतं तितकं सविस्तर नाही सांगता आलं. गुरुवारी सकाळी नाव वर यायला हवं होतं, आलं नाही, ते माझ्या चुकीनं, एवढं सांगितलं. तो हातातला पेला ड्रमच्या नळाखाली धरून उभा होता. पेला भरला, वाहू लागला, तरी त्यानं नळ बंद केला नाही. मग केला.

"बाबा बोलले होते मला," तो म्हणाला. "दवाखान्यात. म्हणाले, माझ्या एका विद्यार्थ्याचं गणित चुकलं, तो सांगायला येईल, त्याच्यावर रागावू नको."

ड्रमचा नळ अजून ठिबकत होता, मी तो घट्ट केला.

"पण मला राग येतो आहे," तो म्हणाला. "बाबा म्हणाले म्हणून येणार नाही, असं नाही होत. तुमच्यावर येतो. आणि मी आठवड्यातून एकदा फोन करायचो, त्याचाही येतो. तुम्ही जेवून जा." आणि तो पाण्याचा पेला कोणाला तरी द्यायला पंगतीत गेला.

आम्ही जेवलो. न जेवता उठणं त्याहून वाईट दिसलं असतं. वरण-भात होता, मला त्याची चव आठवत नाही, पण दोनदा वाढून घेतल्याचं आठवतं, कारण वाढणाऱ्याला नाही म्हणायला तोंड उघडावं लागलं असतं.

अमरावतीला परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी सातला यादी निघाली. दुरुस्त केलेला प्रोग्रॅम आता बरोबर चालत होता. इतका बरोबर, की त्या बुधवारपासून रिकामा असलेला रकाना त्यानं सगळ्यात वर आणून ठेवला. पहिलं नाव सरांचं. तसं ते दवाखान्याच्या दिवसांतही रोज येतच होतं, पण तेव्हा ते वाचून निदान काही बोलता येई. आता ते ज्या कोणाच्या मोबाईलवर गेलं, तिनं काही कळवलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. सहापैकी कोणीही "हे नाव काढा" असं म्हणत नव्हतं. प्रत्येक जण ते वाचून दुसऱ्या नावाला फोन लावत असणार.

नाव काढायला एक ओळही लागत नाही. मी कॉम्प्युटरसमोर बसलो आणि उठलो. बायको स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. सर सापडले त्या शनिवारपासून ती माझ्याशी कामापुरतं बोलत होती. भाजी आणा, गॅस संपला, तुमचा फोन वाजतो आहे. मी दाराशी जाऊन उभा राहिलो.

"सरांचं नाव काढू का?"

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. फुगल्यावर खाली उतरवली. मग म्हणाली, "काढा."

मी वळलो.

"थांबा," ती म्हणाली. "अन् उद्यापासून माझ्यातले पाच फोन तुमी करत जा. मी संध्याकाळी भरीन तारखा, पण फोन तुमी करा सकाळी. तुमाले वाटते यादी म्हंजे आकडे आहेत. एकानं नाही उचलला ना, त दिवसभर मोबाईल हातातून खाली ठेववत नाही, ते तुमाले माहीतच नाही."